सुताराचा कुलवृत्तांत

कुलवृत्तांत करायचा म्हणजे आधी एक छापील अर्ज घरोघर पाठवावा लागतो. माझ्यापुढे असा एक अर्ज आहे. कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घराण्याने तो वापरला होता, आणि नमुना म्हणून त्याने तो मला दिला. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मूळपुरुष, मूळ गाव सोडण्याचे कारण, शिक्षण, पदवी, नोकरी व हुद्दा, प्रकाशित लेखन, पत्नीचे माहेरचे नाव, मुलांची शिक्षणे. शेवटी चार ओळींची जागा आणि वर मथळा : ‘विशेष कर्तृत्व’. चार वर्षांपूर्वी मी हा अर्ज माझ्या पणजोबांच्या नावाने भरायला घेतला. कुलदैवत लिहिले, गाव लिहिले आणि पेन थांबले. पणजोबा सुतार होते. अर्जात हुद्द्याला रकाना आहे. माणूस हाताने काय करत होता, कुणासाठी करत होता आणि त्याला त्याचे काय मिळत होते, हे विचारणारा रकाना नाही.

माझ्याविषयी दोन वाक्ये सांगितली पाहिजेत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयटीआयमधून टर्नर झालो, सव्वीस वर्षे लेथवर काढली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रविवारच्या वर्गात मोडी शिकलो. त्यामुळे पुढच्या मजकुरात कुठे अभ्यासकाची सफाई कमी पडली तर ती माझ्या शिक्षणाची उणीव समजावी. पणजोबांचे नाव आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले एक गाव, एवढे पुरे. घरातल्यांशी तसे ठरले आहे. का ठरले ते पुढे येईल.

कुलवृत्तांत हा मराठीतला मोठ्या शिस्तीचा प्रकार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्पावन घराण्यांनी एकामागून एक कुलवृत्तांत काढले, पुढे इतरांनीही काढले. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढून अस्सल कागदाचा जो आग्रह रुजवला, त्याच हवेत हा प्रकार वाढला. चांगला कुलवृत्तांत वाचताना मला खरोखर आदर वाटतो. लहानपणी गेलेल्या मुलांची नोंद, दत्तक गेलेल्यांची नोंद, सुनांची माहेरे, कोण कुठल्या गावी जाऊन परत आलाच नाही तेही. वंशवृक्षाचे घडी घातलेले लांबलचक कागद उलगडताना सात-आठ पिढ्या समोर येतात. हे काम टपालाने, पोस्टकार्डावर स्मरणपत्रे पाठवून, पदरचे पैसे घालून लोकांनी केले.

पण या प्रकाराला एक जन्मखूण आहे. तो लिहित्या घराण्यांनी स्वतःसाठी बेतला. सनद, वतनपत्र, नेमणुकीचे पत्र, पदवीचा दाखला, हे सगळे ज्याच्या घरात होते त्याला फक्त पेटी उघडायची होती. ज्याचे सगळे व्यवहार तोंडी झाले त्याने हाच अर्ज भरायला घेतला की त्याला एकतर रकाने कोरे ठेवावे लागतात, नाहीतर कल्पनेने भरावे लागतात. आमच्या कारागीर जातींनी गेल्या काही दशकांत जी ‘इतिहास’ नावाची पुस्तके काढली त्यांतली बरीचशी मी वाचली आहेत. त्यांत विश्वकर्म्यापासूनची वंशावळ असते, गोत्रे-प्रवर असतात, मंदिरे-लेण्यांचे श्रेय असते, आणि शेवटी समाजातले डॉक्टर, इंजिनिअर, नगरसेवक यांचे फोटो. मधले दोनशे वर्षांचे सुतार त्यात नसतात. कुळव भरणारा, चाकाला आरे बसवणारा माणूस दोन्ही टोकांच्या मध्ये गळून गेलेला असतो. दुसऱ्याचा अर्ज भरण्याची ही किंमत आहे.

घराण्याचा इतिहास कसा शोधावा यावरची इंग्रजी पुस्तके मी सुरुवातीला बरीच चाळली आणि वर्षभर चुकीच्या दिशेने गेलो. इंग्लंडमधल्या माणसाला आपला सुतार पणजोबा शोधायचा असेल तर १८४१ पासूनची खानेसुमारी घरटी, नावानिशी, वय आणि धंद्यासह मिळते. १९२१ ची पत्रके २०२२ साली खुली झाली. अठराव्या शतकात तिथे उमेदवारीच्या करारावर सरकार कर घेत असे, त्यामुळे कोणता पोरगा कोणत्या उस्तादाकडे शिकायला राहिला याच्याही वह्या उरल्या. आपल्याकडेही १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण घरोघरची पत्रके ठेवली गेली नाहीत. तक्ते तेवढे छापले. साताऱ्यात सुतार किती होते हे मला एका दुपारी कळले. त्यांतला माझा कोणता, हे त्या तक्त्यांतून कधीच कळणार नव्हते.

मग गावचा सुतार कागदावर येतो तरी कधी? याचे उत्तर शोधताना आधी तो कागदावर का येत नाही हे समजून घ्यावे लागले. सुताराचे मुख्य उत्पन्न बलुते. ते औतामागे ठरलेले, सुगीच्या वेळी खळ्यावर मिळायचे. पेंढ्या, धान्य, वर सणासुदीची वाढणी. लाकूड शेतकऱ्याचे, कसब सुताराचे. नांगर, कुळव, पाभर, जू यांची दुरुस्ती बलुत्यात. गाडी किंवा घराचे काम असेल तर त्याचा मोबदला वेगळा. वर्षानुवर्षे चाललेला हा व्यवहार एका ओळीनेही लिहिला जात नसे. दोघांनाही तो तोंडपाठ असे. म्हणजे पणजोबांच्या आयुष्यातली सर्वांत नियमित, सर्वांत महत्त्वाची देवघेव कागदाशिवाय झाली. ती मोडली, तंटा झाला, तरच कारकुनाचा बोरू हलायचा.

दुसरे कारण इंग्रजी अमलाने आणले. मुंबई इलाख्यातल्या वतनांची छाननी झाली तेव्हा गावनोकरांचे दोन ढीग पडले : सरकारोपयोगी आणि रयतोपयोगी. पाटील, कुलकर्णी, महार हे सरकारच्या कामाचे, म्हणून त्यांची नावे, हिस्से, पाळ्या, वारस यांचा कागद भरपूर. सुतार, लोहार, कुंभार, परीट हे रयतेच्या कामाचे, म्हणून सरकारला त्यांचे फारसे सोयरसुतक नाही. महार वतनाची कागदपत्रे वाचणाऱ्या एका मित्राबरोबर मी अभिलेख कक्षात बसत असे. त्याच्यापुढे गठ्ठा असायचा, माझ्यापुढे एखादे पान. त्या गठ्ठ्यात त्याच्या पूर्वजांवर लादलेल्या वेठीचाही हिशेब होता, हे विसरून मला त्याचा हेवा वाटे. नंतर त्याची लाज वाटली. ज्याच्यावर सत्तेचा हात जास्त पडला त्याचा कागद जास्त, असाच बहुतेक तो हिशेब आहे.

तिसरे कारण आमच्या भागापुरते. गावचे खरे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. १९४८ च्या जाळपोळीत सातारा भागातली जी ब्राह्मणांची घरे जळाली त्यांत दप्तरेही जळाली. आमच्या गावचे दप्तर त्यातच गेले असे गावात सांगतात. आमच्या घराण्याची स्मृती त्या घराच्या माळ्यावर होती, हे ज्यांनी आग लावली त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. बलुतेदारांविषयी बोलणारा प्रत्येक मराठी माणूस तिथेच जातो, मीही गेलो. तपशिलांचा एवढा साठा दुसरीकडे नाही. पण हे पुस्तक वाचताना ते कुणाच्या खळ्यावर उभे राहून लिहिले आहे ते पाहावे. आत्रे कुणब्याच्या बाजूने बघतात. कुणब्याच्या राशीतून कोण कोण किती उचलून नेतो याचा त्यांना संताप आहे, आणि त्या संतापाच्या भरात सुतारही पसा पसरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. पाभरीचे फण ठरल्या अंतरावर बसले नाहीत तर पेरा वाकडा होतो, हे त्या संतापात मावत नाही. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी पुढे अठराव्या शतकाच्या मराठी कागदांवरून दाखवून दिले की इथला बलुतेदार अमक्या-तमक्या कुटुंबाचा आश्रित नव्हता, तो सबंध गावाचा वतनदार नोकर होता. त्याचे वतन वाटले जाई, विकलेही जाई. हे वाचल्यावर मी पहिल्यांदा ‘सुतारकीचे वतन’ हा शब्द जमिनीच्या कागदांत शोधू लागलो. तोवर मी फक्त माणसाचे नाव शोधत होतो.

फुकाझावांमुळेच मी छापील महजरांकडे वळलो. महजर म्हणजे गोतसभेचा निवाडा. त्यावर गावातल्या मंडळींच्या साक्षी असत आणि लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे त्याची निशाणी असे. पाटलाची निशाणी नांगर हे बहुतेकांना माहीत असते. बलुतेदार आपापले हत्यार काढून सही करत. सुताराचे वाकस किंवा किंकरे. मला हे कळले त्या दिवशी मी वाचनालयातून घरी चालत आलो. लेथवर टूल धरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे काय वाटले असेल ते समजून घ्यावे. लिहिता येत नाही म्हणून अंगठा, असे आपण लहानपणापासून बघत आलो; इथे लिहिता न येणारा माणूस आपल्या कसबाने सही करतो आहे आणि गोत ती मान्य करते आहे. याला उगीच सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्याच महजरांत उतरंड स्पष्ट दिसते, कुणाची साक्ष आधी आणि कुणाची शेवटी हेही दिसते. पण कागदात धंदा दिसतो. नंतरच्या शंभर वर्षांत तो दिसेनासा झाला.

आता आमच्या घरची दंतकथा. पणजोबांनी गावच्या भैरवनाथाचा लाकडी सभामंडप केला आणि तुळईवर आपले नाव कोरले, असे मी आजीकडून ऐकत आलो. ‘विशेष कर्तृत्व’च्या चार ओळी याच कथेने भरायच्या होत्या. गावात गेलो तर मंडप आरसीसीचा, ग्रॅनाइटची फरशी, दात्यांच्या नावांच्या पाट्या. जुने लाकूड कुठे गेले याला तीन घरी तीन उत्तरे. शेवटी एका गोठ्यात एक तुळई सापडली. म्हशींच्या डोक्यावर, धुराने काळी झालेली. शिडी लावून, ओल्या फडक्याने पुसून अक्षरे काढली. शके १८२९, म्हणजे १९०७-०८. त्यापुढे नाव होते, पाटलांचे. मंडप ज्यांनी बांधवला त्यांचे. बांधणाऱ्याचे नव्हते. मी मग निशाणी शोधू लागलो. एखादे वाकस, एखादे किंकरे, टोकाला, सांध्याजवळ, कुठेतरी. लेखातले वाक्य माझ्या मनात तयारच होते. मोबाइलच्या उजेडात इंच इंच पाहिले. खिळ्यांची भोके होती, वाळवीची रेघ होती, दुसरे काही नाही.

तुळईचा सांधा मात्र पाहण्यासारखा आहे. कूस आणि साल यांत आजही पोस्टकार्ड शिरत नाही. सागवान नाही, बाभूळ. म्हणजे मंडप फार श्रीमंतीचा नव्हता. बाभळीसारखे चिवट, पिळाचे लाकूड एवढ्या लांबीत सरळ निघणे आणि शंभर वर्षांत न वळणे याला निवड लागते, ते नीट वाळू द्यावे लागते. हे पणजोबांनी केले का? सिद्ध करता येत नाही. गावात तेव्हा सुताराचे एकच घर होते, आणि त्या घरात काम करते भाऊ दोन. एवढेच मी लिहू शकतो आणि एवढेच लिहिले.

एकच घर होते हे कशावरून? गाव नमुना १४ वरून, म्हणजे जन्ममृत्यूच्या रजिस्टरावरून. ‘कोतवाल बुक’ म्हणतात ते हेच. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि एरवी धूळ खात पडलेली ही रजिस्टरे खाली निघाली, पाने मोजली गेली, काही ठिकाणी त्यांची छायाचित्रे झाली. माझ्यासारख्याला त्याचा आयताच फायदा झाला. ही रजिस्टरे वाचणाऱ्यासाठी दोन सूचना. जातीचा रकाना पुष्कळदा एका अक्षरावर भागवलेला असतो. ‘कु’ कळतो, ‘सु’ कळतो. पण ‘म’ म्हणजे मराठा, महार, मांग की माळी? त्या गावात कोण कोण राहत होते हे आधी माहीत नसेल तर या अक्षराला हात लावू नये. दुसरी सूचना शाईची. एका ओळीत जातीचा शब्दच तेवढा वेगळ्या शाईने ठळक दिसला तर आनंद होण्याआधी पोटात गोळा आला पाहिजे. असे शब्द नंतर घातलेले असू शकतात. मी सबंध पानाचे छायाचित्र घेतो, एका ओळीचे कधीच नाही.

मी पाहिलेल्या रजिस्टरात जातीला रकाना होता, धंद्याला नव्हता. कारकुनाच्या लेखी जात हाच धंदा. महजरावरचे किंकरे इथे येऊन ‘सु’ झाले.

१९१८ च्या कार्तिकाच्या आसपासची पाने मोडीतली आहेत आणि ती वाचायला मोडी फारशी यावी लागत नाही, कारण मरणाच्या कारणाचा शब्द ओळीओळीला तोच : ताप, ताप, ताप. इन्फ्लुएंझाची ती साथ. सरकारी आकड्यांतही ती ‘ताप’ याच सदरात जमा झाली. त्यात एका ओळीत पणजोबांचे थोरले भाऊ सापडले. वय पस्तीस, जात सुतार. चार ओळी खाली एक मुलगी, बापाचे नाव तेच, वय दोन. या मुलीविषयी आमच्या घरात कुणाला काहीच ठाऊक नव्हते.

यापुढचा कागद फेरफाराचा. थोरल्या भावाच्या नावे जमिनीचा लहानसा तुकडा होता, त्याची वारस नोंद १९२० सालची. विधवेचे नाव, तिचा अंगठा, आणि धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या, नावापुढे तीन शब्द : मुंबईस कामास आहे. ही तीन शब्दांची ओळ आमच्या सगळ्या शोधाचा कणा ठरली. पणजोबा १९१८ ते १९२० यांच्या दरम्यान गाव सोडून गेले.

का गेले? घरातले उत्तर तयार होते : लोखंडी नांगर आला आणि सुताराचे पोट गेले. हे उत्तर आकर्षक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ती आमच्या भागापासून लांब नाही. मी स्वतः एका भाषणात हे सांगून टाळ्या घेतल्या आहेत. आता मला ते पटत नाही. लोखंडी नांगर महाग. गावात आला तरी आधी मोठ्या शेतकऱ्याकडे आला. शिवाय नांगर हा सुताराच्या कामातला एक भाग. कुळव लाकडाचा राहिला, पाभर लाकडाची राहिली, गाडीचे चाक तर कितीतरी वर्षे तुंबा, आरे आणि वर लोहाराने चढवलेली धाव असेच राहिले. माझ्या लहानपणी, १९७८-७९ च्या सुमारास, त्याच गावात दुसऱ्या गावाहून आलेला सुतार चाके भरत होता. नांगराने पोट गेले असते तर तो साठ वर्षांनंतर तिथे काय करत होता?

मला तारखा जास्त बोलक्या वाटतात. १९१८ साली पाऊसही गेला होता. बलुते पिकातून मिळते. रासच झाली नाही तर खळ्यावर कुणापुढे उभे राहायचे? त्यात जोडीचा भाऊ गेला. करवतीने ओंडका उभा चिरायला दोन माणसे लागतात, धाव चढवताना चाक धरायला माणूस लागतो. दोन भावांचा धंदा एकट्याने होत नाही, आणि थोरल्याची विधवा व आपली मुले धरून खाणारी तोंडे तेवढीच. मला वाटते पणजोबा या हिशेबाने गेले. याला पुरावा म्हणता येणार नाही, अनुमान आहे. पण कागदातल्या तारखांशी ते जुळते. नांगराची गोष्ट मोठी आहे, तिच्यात यंत्रयुग आहे. आमच्या घरात मात्र त्या वर्षी एक भाऊ आणि एक दोन वर्षांची मुलगी मेली आणि ते सगळे विसरून आम्ही नांगर लक्षात ठेवला.

मुंबईतल्या वर्षांचा आमच्याकडे एकच पुरावा : पितळेचा गोल बिल्ला, वर भोक, जी.आय.पी. ही अक्षरे आणि चार आकडी क्रमांक. काका सांगतात पणजोबा माटुंग्याच्या कारखान्यात होते. जी.आय.पी. रेल्वेचा डब्यांचा कारखाना माटुंग्याला १९१५ साली सुरू झाला, तेव्हा डब्यांचे अंग लाकडाचे असे आणि सुतार मोठ्या संख्येने लागत. तेव्हा गोष्ट जुळते. पण बिल्ल्यावर माटुंगा लिहिलेले नाही आणि नावही नाही. नोकरीचे कागद मागायला गेलो तिथे इतके जुने काही नाही असे उत्तर मिळाले. त्यामुळे माझ्या मसुद्यात ‘जी.आय.पी. रेल्वेत’ एवढेच आहे.

आणि आता तो कागद, ज्याच्यासाठी नावे लपवावी लागली. माझ्या चुलतभावाच्या मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातवैधता हवी होती. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात, आणि जितका जुना कागद तितके त्याचे वजन जास्त. कुटुंबातला ‘संशोधक’ म्हणून काम माझ्याकडे आले. मोठ्या ऐटीत मी १९१८ चा उतारा काढून दिला. मग आजोबांच्या शाळेचा उतारा काढला. मुंबईतली मराठी शाळा, दाखल तारीख १९२१. जातीच्या रकान्यात स्वच्छ बाळबोध अक्षरात : मराठा.

कार्यालयाकडून पत्र आले, ‘सदर नोंदींमध्ये तफावत आढळून येते’. तफावत होतीच. पणजोबांनी शाळेत नाव घालताना तसे सांगितले असेल, किंवा चाळीतल्या कुणीतरी नेऊन नाव घातले असेल, किंवा ‘साताऱ्याकडचे का? मग मराठा’ असे मास्तरांनीच ठरवले असेल. मी दोन दिवस तिसऱ्या शक्यतेला धरून बसलो, कारण ती सोयीची होती. मग धाकट्या काकांनी सांगितले. आजोबा आयुष्यभर गिरणगावात मराठा म्हणूनच वावरले. चाळीत ‘सुतारा’ अशी हाक कुणी मारलेली त्यांना खपत नसे. हत्यारांची पेटी त्यांनी बापाच्या तेराव्यानंतर आठ दिवसांत विकली. काकांना हे सगळे माहीत होते, आणि हे बाहेर काढल्याबद्दल त्यांचा माझ्यावर राग आहे. ‘तू इतिहास शोधतोस की बापाची अब्रू काढतोस?’ असे ते मला सगळ्यांसमोर म्हणाले.

चुलतभावाचे म्हणणे वेगळे होते. शाळेचा उतारा द्यायचाच नाही, १९१८ ची नोंद आहे ना, तेवढी पुरे. मी नाही म्हणालो. दक्षता पथक शाळेत जाईल तेव्हा ते सापडणारच, हे एक कारण मी त्याला सांगितले. दुसरे सांगितले नाही. चार वर्षे मी इतरांच्या रजिस्टरांतली वेगळी शाई शोधत हिंडलो होतो. आपल्या घरचा उतारा फाइलमधून काढून घेणे हे त्याच जातीचे काम झाले असते. आम्ही दोन्ही कागद दिले, फेरफार दिला, ‘मुंबईस कामास आहे’ ही ओळ अधोरेखित केली, गावातल्या भावकीचे उतारे जोडले आणि आजोबांनी तसे का लिहवले असेल ते एका पानात लिहून दिले. प्रमाणपत्र यायला अकरा महिने लागले. त्या काळात पोरीचे एक वर्ष गेले. तिने मला अजून एका शब्दाने विचारलेले नाही, आणि हे लिहितानाही मला त्याचे ओझे आहे.

कुलवृत्तांताचा मसुदा आता शंभरएक पानांचा झाला आहे. सहकाऱ्याचा अर्ज बाजूला ठेवून मी आमचा वेगळा केला. त्यात विचारतो : घरात कोणती हत्यारे होती, त्यांतली आज कुठे आहेत, काम कुणाकडून शिकले, कोणत्या घरांची औते सांभाळायची, बलुते काय मिळायचे, कामात हात-बोट गेले का, धंदा कधी सोडला आणि कुणी. बायकांसाठीही याच रांगेत प्रश्न आहेत. रंधा, करवत पुरुषांची म्हटली तरी खळ्यावरून बलुते डोक्यावर कोण आणायचे? भावकीतल्या ३१ घरांना अर्ज पाठवले, १९ परत आले. एकीने वाकसाचे चित्र काढून पाठवले आहे, मापासकट. विदर्भात गेलेल्या एका शाखेत आडनावापुढे ‘वाढई’ लागते हे मला त्यातूनच कळले.

१९२१ चा शाळेचा उतारा मसुद्यात पान ६४ वर आहे, १९१८ च्या उताऱ्याच्या समोरच्या पानावर. थोरल्या पणजोबांच्या मुलीसाठी वंशवृक्षात एक चौकट केली आहे. रजिस्टरात तिचे नाव नाही, ‘मुलगी, वय २’ एवढेच आहे, म्हणून चौकटीतही तेवढेच. पान ६४ काढ, मग मी प्रस्तावना लिहितो, असा काकांचा निरोप आहे. पान काढलेले नाही. दरवर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे फराळाला येतात. यंदा हा अंक त्यांच्या हाती त्याआधी पडलेला असेल.